हंसा वाडकर : कमाई तिची, हिशेब दुसऱ्याचा



गटाच्या बैठका आटोपल्या की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, माझी पोरगी रील छान करते, तिला सिरियलमध्ये काम मिळेल का?" प्रश्न साहजिक आहे. काशीमिऱ्याला, घोडबंदर रोडला मालिकांचे सेट लागतात. आपल्यातल्या काही जणी सेटवर डबे पुरवतात, काही साफसफाईला जातात, काही जणी बाजारातल्या किंवा लग्नातल्या गर्दीत उभ्या राहायला जातात. उत्तन, राई, मुर्धा, चेणे इथून सेट काही लांब नाहीत. डोळ्यांसमोर एवढं सगळं चालू असताना आपल्या लेकरालाही संधी मिळावी असं कुठल्या आईला वाटणार नाही?

म्हणून या अंकात एका अभिनेत्रीची माहिती देते आहे. तिचं नाव हंसा वाडकर. तुमच्या आईनं, आजीनं तिचे सिनेमे पाहिले असतील. "सिनेमा वाईट, पोरींना पाठवू नका" असं सांगायला मी हे लिहीत नाही. सिनेमाचं काम हेही कष्टाचंच काम आहे. मला सांगायचं आहे ते पैशाबद्दल. बाई कमावती झाली म्हणजे कमाई तिची झाली, असं होत नाही. मधे एक पायरी असते आणि हंसाबाईंच्या आयुष्यात तीच राहून गेली. आपल्या गटांतही ती कधी कधी राहून जाते.

रतनची हंसा कशी झाली

हंसाबाईंचा जन्म १९२३ सालचा. खरं नाव रतन साळगावकर. घरची परिस्थिती ओढाताणीची, वडिलांना दारूचं व्यसन. घरात पैसा यायला हवा होता, म्हणून जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सिनेमात कामाला लावलं. १९३६ साली तिचा पहिला सिनेमा आला, 'विजयाची लग्ने'.

त्या काळी चांगल्या घरच्या बायका सिनेमात जात नसत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही, शेवटी साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवून उभं केलं. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. भारतीय सिनेमात काम करणाऱ्या त्या पहिल्या बायका मानल्या जातात. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी रतन सिनेमात आली तरी लोकांची नजर फारशी बदललेली नव्हती. सिनेमात नाचणारी-गाणारी मुलगी म्हणजे घराण्याला बट्टा, असंच लोक म्हणायचे.

नातेवाइकांनी हरकत घेतली, म्हणून साळगावकर हे आडनाव पडद्यावर आलं नाही. रतन साळगावकरची हंसा वाडकर झाली.

ताईंनो, इथं जरा थांबून विचार करा. मुलीनं कमावून आणलेला पैसा घरात चालत होता. त्या पैशाची कोणाला लाज वाटली नाही. लाज वाटली ती तिच्या नावाची. बिनपगारी किंवा हलकं समजलं जाणारं काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत हे आजही घडतं. मासळीचा पैसा चालतो, पण टोपली घेऊन लोकलमध्ये चढलेल्या बाईच्या वासाबद्दल लोक नाक मुरडतात.

मालाडचा स्टुडिओ, पुण्याचा प्रभात

हंसा हुशार होती. काम पटकन उचलायची, नाच यायचा, गळा होता. आपल्याकडून लोकलनं गेलं तर मालाड किती लांब आहे? तिथं तेव्हा 'बॉम्बे टॉकीज' नावाचा फार मोठा स्टुडिओ होता. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी तो १९३४ साली सुरू केला होता. तिथं १९३९ च्या 'नवजीवन' या हिंदी सिनेमात हंसा नायिका होती. वय सोळा.

तेव्हाच्या कंपन्या आजच्यासारखं एका सिनेमापुरतं काम देत नसत. नट-नट्या पगारी नोकर असायच्या. महिन्याचा पगार ठरलेला, कामाचे तास ठरलेले. कंपनीशी कागदावर करार व्हायचा, त्याला कंत्राट म्हणत. कंत्राटात काय लिहिलंय आणि सही कोण करतंय याला फार महत्त्व होतं. सोळा वर्षांच्या मुलीचं कंत्राट अर्थातच घरची मोठी माणसं बघणार आणि पगारही तीच घेणार.

१९४१ साली पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत सखू' आला. त्यात सखू झाली हंसा. सखूची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. कऱ्हाडची सून, सासरी अतोनात छळ, पंढरपूरला जायची ओढ, घरच्यांनी खांबाला बांधून घातलेली आणि तिच्या जागी स्वतः उभा राहिलेला विठोबा. हा सिनेमा पाहून बायका रडल्या. अठरा वर्षांची हंसा घराघरांत सखू म्हणून ओळखली जाऊ लागली.

पण त्या सखूच्या स्वतःच्या घरी काय चाललं होतं?

लग्नानंतर सिनेमा सोडायचा होता

हंसाबाईंनी हे सगळं पुढे स्वतःच सांगितलं आहे, म्हणून मी लिहू शकते. ओळखीच्या, वयानं बऱ्याच मोठ्या माणसाशी त्यांचं लग्न झालं. वय पंधराच्या आसपास. लग्न झालं की सिनेमा सोडायचा, घर सांभाळायचं, पोरंबाळं वाढवायची, एवढंच त्यांना हवं होतं. आपल्यातल्या पुष्कळ जणींना लग्नाच्या वेळी हेच वाटत होतं ना?

ते झालं नाही. नवऱ्याच्या धंद्याला पैसा हवा होता आणि पैसा आणणारी होती हंसा. मग तीच कामं, तीच कंत्राटं. फरक एवढाच झाला की आधी हिशेब माहेरी व्हायचा, आता नवऱ्याकडे होऊ लागला. वर संशय. आज कोणाशी बोललीस, उशीर का झाला, अशी रोजची उलटतपासणी. बाईनं बाहेर जाऊन कमावून आणावं आणि घरी आल्यावर बाहेर गेल्याबद्दल बोलणीही खावीत, असा तो संसार होता.

मुलांच्या बाबतीतही त्यांचं चाललं नाही. एक मुलगी झाली. त्यांना आणखी मुलं हवी होती, पण गर्भपात करायला लावले गेले, असं त्यांनी सांगितलं आहे. म्हणजे काम करायचं की नाही, मिळालेल्या पैशाचं काय करायचं आणि मूल होऊ द्यायचं की नाही, यातला एकही निर्णय त्यांच्या हातात नव्हता. आणि त्याच वेळी सिनेमाच्या पोस्टरवर मात्र त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत होतं.

नाव शिखरावर, आयुष्य उतरणीला

१९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आला. व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेचा सिनेमा, गदिमांची गाणी, वसंत देसाईंचं संगीत. जयराम शिलेदार राम जोशी झाले आणि हंसाबाई झाल्या तमासगिरीण बया. सिनेमा तुफान चालला. मराठीत नंतर बरीच वर्षं तमाशापटांची लाट आली, तिची सुरुवात या सिनेमापासून झाली असं मानतात. १९५० च्या 'पुढचं पाऊल'मध्ये त्या पु. ल. देशपांड्यांबरोबर होत्या.

मग १९५९ साली आला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. जयश्री गडकरांचं नाव या सिनेमानं गाजलं, पण त्यात हंसाबाईंचंही महत्त्वाचं काम होतं. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये हा सिनेमा अडीच वर्षं चालला. एकाच थिएटरात एकच सिनेमा! आजच्या पोरींना सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही.

नाव असं शिखरावर असताना आयुष्य मात्र ढासळत गेलं. घर असह्य झालं म्हणून एकदा हंसाबाई एका दुसऱ्या माणसाबरोबर निघून गेल्या. त्यानं त्यांना मराठवाड्यातल्या आपल्या गावी नेलं. घरात आधीच्या बायका होत्या. तिथं मान मिळाला, पण बाहेर पडायची बंदी. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ज्या बाईला बघायला लोक थिएटरात रांगा लावायचे, ती चार भिंतींआड कोंडली गेली. शेवटी लपवून पत्र पाठवलं आणि ज्या नवऱ्याला सोडून आल्या होत्या, त्यालाच बोलवावं लागलं. पोलीस घेऊन तो आला, तेव्हा सुटका झाली.

हे वाचून "तिनं असं करायला नको होतं" असं कोणी म्हणेल. बैठकीत वाचाल तेव्हा नक्की म्हणेल. तिला एवढंच विचारा, की दुसरं काय करायला हवं होतं? वेगळी खोली घेऊन राहायचं तर हातात पैसा हवा. पंधरा वर्षं कमावूनही घरातून निघताना तिला एका माणसाच्या आश्रयातून दुसऱ्या माणसाच्या आश्रयाला जावं लागलं. स्वतःच्या नावावर शिल्लक असती, तर मधे एक तिसरी वाट असती.

पुढे दारू जवळ आली, तब्येत खालावली. २३ ऑगस्ट १९७१ रोजी हंसाबाई गेल्या. वय अवघं ४८.

जाण्याआधी तिनं सगळं सांगितलं

जाण्याआधी त्यांनी एक मोठं काम केलं. पत्रकार अरुण साधू यांच्यापुढे बसून आपलं आयुष्य सांगितलं. हेच साधू पुढे 'सिंहासन' कादंबरीमुळे प्रसिद्ध झाले. हंसाबाईंचं हे कथन आधी 'माणूस'मध्ये छापून आलं आणि १९७० साली पुस्तक झालं. नाव दिलं आपल्याच सिनेमाचं, 'सांगत्ये ऐका'.

त्या काळी मोठ्या लोकांची आत्मचरित्रं म्हणजे मानपत्रं, सत्कार आणि थोरामोठ्यांच्या भेटी. हंसाबाईंनी तसं काही केलं नाही. स्वतःची दारू, स्वतःचे संबंध, स्वतःच्या चुका, काही झाकलं नाही. आणि आपल्यावर काय काय लादलं गेलं तेही झाकलं नाही.

या पुस्तकावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली 'भूमिका' हा हिंदी सिनेमा केला. त्यात हंसाबाईंवर बेतलेली उषा झाली आपली स्मिता पाटील. या कामासाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाहायला मिळाला तर जरूर पाहा. पैशाचे व्यवहार पाहणारा, संशय घेणारा नवरा त्यात अमोल पालेकरांनी केला आहे. तो आरडाओरडा करणारा राक्षस नाही. साधा, नेहमीचा, आपल्या ओळखीचा वाटावा असा माणूस आहे. म्हणूनच तो बघताना जास्त त्रास होतो.

सगळ्याच अभिनेत्रींचं असं झालं का?

नाही. म्हणून आणखी दोघींबद्दल थोडक्यात सांगते.

दुर्गा खोटे. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई म्हटलं की लगेच आठवतील. जन्म १९०५, सुखवस्तू घर, कॉलेजपर्यंत शिक्षण. लग्न श्रीमंत घरात झालं, पण सासरचा पैसा बुडाला आणि पदरी दोन मुलगे असताना नवराही लवकर गेला. मुलांसाठी त्या सिनेमात आल्या. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाल्या. इतर नट्या एकाच कंपनीला बांधलेल्या असताना त्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांत कामं केली. १९३७ साली 'साथी' नावाचा सिनेमा स्वतः काढला. पुढे स्वतःची निर्मिती संस्था चालवली. दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' आठवते? ती त्यांच्याच संस्थेची. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

दुसऱ्या शांता आपटे. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा त्यांनी केली. पडद्याबाहेरही त्या तशाच. कंपनीशी वाद झाला तेव्हा १९३९ साली प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसल्या. एक नटी फाटकात उपाशी बसली आहे ही बातमी सगळीकडे झाली. दुसऱ्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक त्यांनी लिहिलं आणि सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना या धंद्यात काय काय चालतं ते सांगितलं.

तिघींच्या हुशारीत फरक नव्हता. हंसाबाईंचं काम या दोघींपेक्षा तसूभरही कमी नव्हतं. दुर्गाबाईंना शिक्षण होतं, वय होतं, आपला कागद आपण वाचायची सवय होती. हंसाबाई बारा-तेरा वर्षांच्या असताना दुसऱ्यांनी त्यांचा कागद वाचला आणि पुढेही दुसरेच वाचत राहिले. म्हणून कोणाची फरफट झाली की "तिचं नशीब" किंवा "तिचा स्वभाव" असं म्हणून मोकळं होऊ नका. कागद कोणाच्या हातात होता ते आधी बघा.

तेव्हाचा कायदा आणि आताचा कायदा

हंसाबाई कमवायला लागल्या तेव्हा हिंदू बाईच्या कमाईबद्दलचा कायदाही तिच्या बाजूनं नीट उभा नव्हता. माहेरून मिळालेलं ते स्त्रीधन, त्यावर तिचा हक्क. पण संसारात असताना स्वतःच्या कामातून, कलेतून मिळवलेल्या पैशावर नवऱ्याचा ताबा चालतो, असं जुनं शास्त्र सांगायचं.

१९५६ साली हिंदू उत्तराधिकार कायदा आला. त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की बाईनं स्वतःच्या कौशल्यानं किंवा मेहनतीनं मिळवलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालकीण असते. पूर्ण, म्हणजे कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या उत्तनच्या ख्रिस्ती भगिनींसाठी तर १८७४ पासूनच कायदा आहे, लग्न झालेल्या बाईची मजुरी आणि कमाई ही तिची स्वतःची मालमत्ता. मुस्लिम कायद्यातही बायकोची मिळकत बायकोचीच असते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर आर्थिक छळही धरला आहे. कमाई काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन परस्पर विकणं, हे सगळं त्यात येतं. यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येतं, तातडीची वेळ असेल तर ११२. आणि गर्भपाताबद्दल सांगायचं तर सज्ञान बाईच्या स्वतःच्या संमतीशिवाय तो करता येत नाही. संमती तिची लागते, नवऱ्याची किंवा सासूची नाही.

मुलं सेटवर जाणार असतील तर

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. रतनच्या वेळी लहान मुलांना विचारणारं कोणी नव्हतं. आज चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. सिनेमा, मालिका, जाहिरात यांत कलाकार म्हणून काम करायला मात्र सूट आहे, ती अटींवर. मुलाला पाठवण्याआधी या अटी पाठ करून ठेवा :

• चित्रीकरणासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. "परवानगी आहे का?" असं विचारायला घाबरू नका.
• दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांती न देता सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही.
• सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. शाळा बुडू नये याची जबाबदारीही त्यांची.
• मुलाच्या मनाविरुद्ध काम करून घेता येत नाही.
• मुलाच्या कमाईतले कमीत कमी २० टक्के पैसे थेट राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जमा झाले पाहिजेत. ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळतात.

ही शेवटची अट वाचली की मला रतनच आठवते. तिच्या पगारातला पाचवा हिस्सा जरी तिच्या नावे बाजूला पडला असता, तरी अठराव्या वर्षी तिच्या हातात काहीतरी असतं.

आणि एक. काम देतो म्हणून आधी फोटोचे, कार्डाचे, नोंदणीचे पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्यानं द्यायचे नसतात. मालिकांचे पैसे बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी मिळतात, तेव्हा किती आणि कधी मिळणार ते आधी लिहून घ्या.

आता आपल्या पासबुकाकडे

"ताई, आम्ही कुठल्या नट्या? आम्ही बोंबील सुकवतो, पापड लाटतो, भाजी विकतो." बरोबर आहे. पण मी बैठकांना फिरते तेव्हा ऐकू येतं ते असं : "पासबुक ह्यांच्याकडे असतं." "माझ्याकडे साधा फोन आहे, गिऱ्हाईक पैसे ह्यांच्याच नंबरवर टाकतं." "एटीएमचा नंबर मुलाला माहीत आहे, मला नाही." "कर्ज माझ्या नावावर काढलं, पण रिक्षाच्या दुरुस्तीला गेलं."

या शेवटच्या वाक्याकडे नीट बघा. कर्ज तुमच्या नावावर, पैसा दुसऱ्याच्या हातात आणि हप्ता चुकला की बैठकीत मान खाली घालायची तुम्ही. घरासाठी पैसा वापरणं चूक नाही. रिक्षा चालली तर घर चालतं. पण तो निर्णय तुम्हाला विचारून झाला का आणि हप्ता कोण भरणार हे आधी ठरलं का, हे महत्त्वाचं.

घरात भांडण काढा असं मी म्हणत नाही. पुष्कळ घरांत नवरा-बायको मिळून हिशेब करतात आणि ते चांगलंच आहे. मिळून करायचा म्हणजे दोघांना माहीत हवा. त्यासाठी या साध्या गोष्टी करा :

• स्वतःच्या एकटीच्या नावाचं एक तरी खातं हवं. गटाचे आणि धंद्याचे पैसे त्यातच येऊ द्या.
• दर महिन्याला पासबुक स्वतः भरून आणा. वाचता येत नसेल तर गटातल्या लिहित्या-वाचत्या ताईकडून वाचून घ्या.
• कोऱ्या स्लिपवर, कोऱ्या चेकवर, न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. समोर कोणीही असो.
• पिन नंबर स्वतः पाठ करा आणि कोणाला सांगू नका.
• खात्याला वारस म्हणून कोणाचं नाव लावलं आहे ते तपासा. लेकीचं किंवा आईचं नावही लावता येतं.
• कर्ज मागताना कारण खरं सांगा आणि परतफेड कोण करणार ते गटापुढे बोलून घ्या.

आपल्या गटाच्या खात्याचं बघा. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, तिघींपैकी दोघींच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपया निघत नाही. एकीनं दबाव आणला तरी दुसरी विचारते, "कशासाठी?" हंसाबाईंच्या बाजूला बसून "कशासाठी?" असं विचारणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे दहा-बारा जणी आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या.

पुढच्या बैठकीत बोलण्यासाठी

हा लेख बैठकीत मोठ्यानं वाचा आणि त्यावर बोला. प्रश्न देते :

१. आपल्यापैकी किती जणींचं पासबुक आज स्वतःकडे आहे? नसेल तर कोणाकडे आहे आणि का?
२. गेल्या वर्षी आपल्या नावावर काढलेल्या कर्जाचा वापर कोणी ठरवला?
३. हंसाबाईंच्या घरच्यांना पैसा चालला, नाव चाललं नाही. आपल्या कोणत्या कामाबद्दल घरात असं होतं?
४. गटातली एखादी ताई घरातून निघून जाण्याच्या वेळेला आली, तर त्याआधी गट म्हणून आपण काय करू शकतो?

चौथ्या प्रश्नावर घाई करू नका. एखादी ताई गप्प बसली असेल तर तिला सगळ्यांसमोर बोलतं करू नका, बैठक संपल्यावर तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जा. पहिल्या प्रश्नाची संख्या मात्र इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्यात मी येईन तेव्हा ती विचारेन, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा मोजू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक